लेकरांबरोबर लोणारची पायवाट

हिवरा आश्रमचे नाव आपल्या भागात कोणाला ठाऊक नाही? मेहकर तालुक्यातले हे गाव. शुकदास महाराजांनी १९६५ साली तिथे विवेकानंद आश्रम सुरू केला. दर साली विवेकानंद जयंतीचा मोठा उत्सव होतो. पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. शेतात लांबच लांब पंगती बसतात. गावोगावची माणसे येतात. आम्हीही जातो.

उत्सवात लेकरू आपल्या खांद्यावर असते. खाली सोडले तर गर्दीत हरवेल अशी भीती वाटते. खांद्यावरून त्याला दिसतात ती माणसांची डोकी आणि पागोटी. त्यातही मजा असते. पण वर्षातून एखादा दिवस असाही असावा की लेकरू आपल्या पायाने पुढे चालेल आणि आपण त्याच्या मागून चालू.

असा दिवस काढायचा कसा, ते आम्ही दोन वेळा करून पाहिले. पहिल्या वेळी चुकलो. दुसऱ्या वेळी जमले. दोन्ही वेळा आम्ही एकाच ठिकाणी गेलो होतो. काय चुकले आणि काय जमले, ते इथे सांगतो.

कशाला जायचे?

कोणी म्हणेल, "कामधंदा सोडून रानात हिंडायला आम्ही काय रिकामे आहोत? आमची लेकरं तर रोजच रानात असतात."

बोलणे खरे आहे. पण रोज आपण रानात जातो ते कामासाठी. निंदण असते, पाणी धरायचे असते, कापूस वेचायचा असतो. लेकरू विचारते, "बाबा, हे कोणतं पाखरू?" आपण म्हणतो, "बस तिकडं सावलीत. मधी मधी करू नको." आपलाही इलाज नसतो. ऊन चढत असते आणि काम पडलेले असते.

चालण्याच्या दिवशी मात्र दुसरे काम नसते. लेकराने विचारायचे आणि आपण सांगायचे. ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून पाहायचे. पाय मोकळे होतात, तसे तोंडही मोकळे होते. घरी जे लेकरू बोलत नाही, ते वाटेवर बोलते. याला पैसाही फार लागत नाही. एस.टी.चे भाडे लागते. भाकरी तर घरी असली तरी खावीच लागते.

जायचे कुठे?

लांब जायची गरज नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातच लोणार आहे. हिवरा आश्रमहून मेहकरला यायचे. मेहकरहून लोणार सुमारे २५ किलोमीटर आहे. एस.टी. जाते.

लोणारचे तळे पाहायला देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतात. पण आपल्यातल्या किती जणांनी ते पाहिले आहे? ज्यांनी पाहिले, त्यांतले पुष्कळ जण वरच्या काठावरूनच पाहून परत आले. लग्नाला गेलो, काठावर उभे राहिलो, फोटो काढला आणि झाले.

लोणारचा खड्डा जवळजवळ गोल आहे. त्याची रुंदी सुमारे १८०० मीटर आहे. गोल वस्तूचा घेर काढायचा एक सोपा हिशेब आहे. रुंदीच्या तिपटीहून थोडा जास्त, तो घेर. म्हणजे वरच्या काठाने पुरती फेरी घातली तर साडेपाच किलोमीटरच्या वर चालणे होते. खालच्या तळ्याची रुंदी सुमारे १२०० मीटर आहे. त्याच्या काठाची फेरी किती होईल, ते तुम्हीच काढा. चार किलोमीटरच्या जवळपास येईल.

आता खोली पाहा. वरच्या काठापासून तळ्यापर्यंतची खोली १३५ मीटरच्या वर भरते. एक पायरी वीतभर उंचीची धरली तर जवळजवळ सहाशे पायऱ्या होतात. हा आकडा ध्यानात ठेवा. आमची चूक इथेच झाली.

आमची चूक

पहिल्या वेळी आम्ही चैत्रात गेलो. नात्यातले लग्न होते. आम्ही आठ जण होतो. चार मोठी माणसे, एक म्हातारी आजी आणि तीन लेकरे. थोरली नऊ वर्षांची, मधला सहा वर्षांचा आणि धाकटी साडेतीन वर्षांची. जेवणे उरकली. कोणी तरी म्हणाले, "आलोच आहोत तर खाली उतरून येऊ." आजी मंडपातच थांबली. बाकी आम्ही निघालो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. बरोबर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. माणसे सात.

उतरताना काय मौज वाटली! वाट खाली जाते, पाय आपोआप पडतात. मधला तर उड्या मारीतच खाली गेला. आम्ही म्हटले, "पाहा, पोरगं कसं तयार आहे!" तळ्याशी पोचलो. पाणी पाहिले. दोन्ही बाटल्या तिथेच संपल्या. मग वर चढायला लागलो.

डोंगरावर जाताना आधी चढ असतो. माणूस दमला तर अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो आणि उताराने घरी येतो. लोणार म्हणजे उलटा डोंगर आहे. इथे आधी उतार लागतो. दम लागतो तो शेवटी, परत येताना. तेव्हा मागे फिरून चालत नाही. घर वर आहे.

चढाच्या मध्यावर मधला खाली बसला. आम्हाला वाटले, कंटाळला असेल. आम्ही रागावलो. "ऊठ, नाटकं नको करू," असेही म्हटले. तो उठला, चार पावले चालला आणि पुन्हा बसला. बडबड करणारे पोर, पण बोलेना. तोंड लाल झाले होते. मग त्याला उलटी झाली.

देवीचे दर्शन घेऊन एक म्हातारी वर येत होती. तिने पाहिले आणि ती आम्हालाच रागावली. "अवं बाई, एवढ्या उन्हात लेकराले कावून चालवता? आंधी सावलीत निजवा त्याले. सदरा काढा." तिच्याजवळ पाण्याची बाटली होती. तिने आपल्या पदराचा शेव भिजवला आणि त्याचे अंग पुसले. एक जण पदराने वारा घालत राहिली. मग तिने घोट घोट पाणी पाजले. एकदम पाजू दिले नाही. अर्ध्या तासाने पोराने डोळे नीट उघडले आणि विचारले, "माय, बस निघून गेली का?" तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

त्या म्हातारीचे नाव आम्ही विचारलेच नाही. घाबरलेल्या माणसाला असे काही सुचत नाही.

लेकराला ऊन लवकर का लागते?

घरी आल्यावर आम्ही आरोग्य केंद्रातल्या ताईंना विचारले. त्यांनी नीट समजावून सांगितले.

लहान भांडे आणि मोठे भांडे उन्हात ठेवले तर कोणते लवकर तापते? लहान. लेकराच्या अंगाचे तसेच आहे. अंग लहान असल्याने बाहेरची उष्णता त्यात लवकर भरते. घाम आला की अंग थंड होते. पण लेकरांना मोठ्या माणसांइतका घाम येत नाही. शिवाय त्यांचे पाय आखूड. आपण एक पाऊल टाकतो तेव्हा त्यांना दोन टाकावी लागतात. आपण एक कोस चाललो तर ती दोन कोसांची मेहनत करतात. आणि खेळण्याच्या नादात तहान लागली तरी लेकरू सांगत नाही.

म्हणून लेकराच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे. बोलके लेकरू गप्प झाले, चिडचिड करू लागले, डोके दुखते म्हणाले, पाय ओढू लागले, तर ते नाटक नव्हे. ती खूण आहे. बराच वेळ लघवीला गेले नाही किंवा लघवी गडद पिवळी झाली, तर अंगातले पाणी कमी झाले असे समजावे.

असे झाले तर लगेच सावलीत न्यावे. कपडे सैल करावे. ओल्या फडक्याने अंग पुसावे, वारा घालावा. शुद्ध असेल तर घोट घोट पाणी द्यावे. मीठ-साखरेचे पाणी असेल तर अधिक बरे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त घालू नये, त्याने अपाय होतो. लेकरू असंबद्ध बोलू लागले, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासात जाते. अंग ओले करीत राहावे आणि १०८ वर फोन करून गाडी बोलवावी.

दुसरी खेप

लेकरू बरे झाले. पण घरात सगळे म्हणाले, "पुन्हा नाव काढू नका." मधला मात्र रोज विचारी, "पुन्हा कधी जायचं? मी वर चढलोच नाही. तुम्ही मला उचलून आणलं."

मग आम्ही मार्गशीर्षात पुन्हा गेलो. या वेळी नीट तयारी केली.

दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस चांगले. हवा गार असते. होळी झाली की लेकरांना घेऊन खाली उतरू नये. पावसाळ्यात रान हिरवे दिसते, पण वाट निसरडी होते आणि गवतात काय आहे ते दिसत नाही.

आदल्या रात्री आम्ही लोणारलाच पाहुण्यांकडे मुक्काम केला. सकाळी सात वाजता वाटेला लागलो. दहाच्या आत चढ पुरा करायचा, असे ठरवले. आजीसुद्धा आली. ती म्हणाली, "मी काठावर बसते. तुम्ही या जाऊन." एक माणूस वर असला, हेही बरेच झाले.

पाणी माणशी दोन लिटर घेतले. ओझे वाटून घेतले. एक नियम केला आणि तो लेकरांनाच सांभाळायला दिला. अर्धे पाणी संपले की मागे फिरायचे, मग आपण कुठेही असू. राहिलेले अर्धे पाणी चढासाठी. थोरली दर थांब्याला बाटल्या तपासायची आणि मोठ्यांना दटावायची.

खायला भाकरी, ठेचा, गूळ आणि शेंगदाणे घेतले. गूळ-शेंगदाणे लेकरांच्या खिशात भरले. दर थांब्याला चार दाणे आणि दोन घोट पाणी. टोपी किंवा रुमाल प्रत्येकाच्या डोक्यावर होता. पायात मागे पट्टा असलेली चप्पल होती. नुसती सपाट चप्पल उतारावर पायातून निसटते. एक जुने लुगडे घेतले. ते अंथरायला झाले, सावली करायला झाले आणि धाकटीला पाठीशी बांधायलाही झाले. एक काठी आणि एक शिट्टी घेतली. चुकलास तर जागचे हलायचे नाही, शिट्टी वाजवायची, असे मधल्याला शिकवले. चुकलेले लेकरू चालत राहिले तर सापडायला कठीण जाते. एका जागी थांबले तर लवकर सापडते.

चालताना एक मोठे माणूस सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे. मधे लेकरे. आणि चाल धाकटीची. ती जितकी हळू, तितके सगळे हळू.

वाटेत काय पाहिले?

आधी धारेवर गेलो. तिथे गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. लोक स्नान करतात. जुनी देवळे आहेत. तिथून खाली उतरायला लागलो.

मधल्याने पहिला प्रश्न केला, "एवढा मोठा खड्डा कोणी खणला?"

आजीने त्याला आदल्या रात्रीच गोष्ट सांगितली होती. लवणासुर नावाचा दैत्य होता. तो जमिनीत दडून बसे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याला मारले. तो दडला होता तीच ही जागा. लोणार गावात दैत्यसूदनाचे जुने, कोरीव मंदिर आहे. लवण म्हणजे मीठ, खार. तळ्याचे पाणी खारट आहे, हे आपल्या पूर्वजांनी गोष्टीतच सांगून ठेवले आहे.

आता शास्त्रज्ञ काय सांगतात ते पाहा. फार फार वर्षांपूर्वी आकाशातून एक मोठा दगड, म्हणजे अशनी, अतिशय वेगाने येऊन इथे आदळला. त्याच्या तडाख्याने खडक फुटला, वितळला, चहूकडे उडाला आणि हा खड्डा पडला. याला किती वर्षे झाली? पूर्वी ५० हजार वर्षे असा अंदाज होता. पुढे अधिक बारकाईने मोजणी झाली. त्यात सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आली. आपला काळा खडक तर त्याहूनही जुना. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तप्त रस वर आला. तो थंड होऊन हा खडक झाला. अशा काळ्या खडकात अशनीने पडलेले खड्डे जगात फार थोडे आहेत. लोणारचा खड्डा त्यांत मोठा आणि चांगला टिकलेला आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पण तो अशनीचा आहे, हे नक्की ठरायला १९७० नंतरचा काळ उजाडला. खडक वितळून झालेली काच इथे सापडली, तो मोठा पुरावा ठरला.

लेकरांना हे नुसते सांगून कळत नाही. आम्ही घरी एक खेळ केला होता. परातीत दोन बोटे जाड पीठ पसरले. वरून गोटी टाकली. पिठात खड्डा पडला आणि त्याच्या भोवती पिठाचा काठ उभा राहिला. लोणारलाही तसेच आहे. खड्ड्याचा काठ आजूबाजूच्या जमिनीहून उंच आहे. मधल्याने काठ पाहिला आणि ओरडला, "आपल्या परातीसारखा!"

पुढे रान लागते. साग, कडुनिंब, बाभूळ, सीताफळ. २००० साली हे अभयारण्य झाले. इथे लाकूड तोडायचे नाही, शिकार करायची नाही. मोराचा आवाज येतो. वानरे फांद्यांवर बसलेली असतात. एकदा घोरपड वाट ओलांडून गेली. धाकटी म्हणाली, "मोठी पाल!" आणि सगळे हसले. आम्ही नावे सांगत होतो, पण आम्हाला न दिसलेल्या गोष्टी तीच दाखवत होती. मुंग्यांची रांग, कोळ्याचे जाळे, दगडाखालचा गोगलगायीचा शंख. ती जमिनीच्या जवळ, तिला ते दिसणारच. तिच्या चालीने चाललो म्हणून आम्हालाही दिसले.

तळ्याच्या काठी कमळजा देवीचे देऊळ आहे. दर्शन घेतले. थोरलीने विचारले, "धारेचं पाणी गोड, पावसाचं पाणी गोड, मग तळ्याचं पाणी खारट कसं?"

हा प्रश्न चांगला आहे. खड्ड्यात पाणी चहूबाजूंनी येते. बाहेर जायला मात्र वाट नाही. ते फक्त उन्हाने वाफ होऊन जाते. वाफेबरोबर खार जात नाही. तो मागेच राहतो. चुलीवर पाणी तापवण्याच्या हंड्याला आतून पांढरा थर बसतो ना? तसेच. हजारो वर्षे खार साठत गेला. पूर्वी लोक या तळ्यातला खार काढून विकत.

२०२० सालच्या जूनमध्ये तर तळ्याचे पाणी गुलाबी झाले. लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. उन्हाळ्यात पाणी आटले, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातच वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव फार वाढले. तो रंग त्यांचा होता. त्याच वर्षी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत लोणारचे नाव गेले. तिला रामसर यादी म्हणतात. जपायला हवे असे आपल्या जिल्ह्यातले हे धन आहे.

तळ्याच्या पाण्यात मात्र उतरायचे नाही. ते प्यायचे नाही, डोळ्यांना लावायचे नाही. काठाला चिखल आहे. पाय रुतेल.

जपून असावे

रान म्हटले की साप आलेच. तेही आपल्या वाटेने जात असतात. मळलेली वाट सोडू नये. काठी जमिनीवर आपटत चालावे. दगडांच्या फटीत, ढोलीत हात घालू नये. लेकरांना हे दहा वेळा सांगावे.

साप चावलाच तर घाबरवून सोडू नये. चाललेल्या माणसाच्या अंगात विष लवकर पसरते, म्हणून उचलून न्यावे. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये. अंगठी, वाळे, बांगड्या काढाव्या, कारण सूज येते. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवू नये. सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. सापाच्या विषावर उतारा आहे तो तिथल्या इंजेक्शनात.

झाडाला किंवा कड्याला आग्या मोहोळ दिसले तर तिथे धूर करू नये, दगड मारू नये, आरडाओरडा करू नये. माश्या उठल्या तर तोंड झाकून तिथून लांब पळावे.

वानरांना खायला देऊ नये. पहिल्या दिवशी गंमत वाटते. मग ती हातातली पिशवी ओढतात आणि लेकरांना ओरबाडतात. भाकरीची पिशवी झाकून ठेवावी. आपला कागद, पिशवी, बाटली परत घरी आणावी.

चढ

साडेआठला आम्ही मागे फिरलो. अजून तळ्याची फेरी राहिली होती. मोठ्यांना वाटत होते, थोडे पुढे जाऊ. पण थोरलीने बाटल्या दाखवल्या. पाणी अर्धे उरले होते. नियम तो नियम.

उतरायला आम्हाला पाऊण तास लागला होता. चढायला दीड तास धरला. पन्नास पावले चालायचे आणि थांबायचे. पन्नास कोणी मोजायची? मधल्याने. त्याला शाळेत पन्नासपर्यंत येत होते. दुसऱ्यांदा मोजताना तो चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला आणि आम्हाला चाळीस पावले जास्त चालावी लागली. धाकटी अर्ध्या वाटेवर पाठीशी गेली आणि झोपली. मधला ज्या जागी मागच्या वेळी बसला होता, ती जागा त्याने ओळखली. तिथे उभा राहून दोन घोट पाणी प्याला. म्हणाला, "आता चला." आणि आपल्या पायाने वर आला.

वर आजी वाट पाहत होती. जवळच अभयारण्याची पाटी होती. थोरली आपल्या आईला म्हणाली, "माय, काय लिहिलं त्यावर? तू वाच."

तिची आई आमच्याबरोबर साक्षरता वर्गाला येते. तिने पाटीकडे पाहिले. सावकाश वाचायला लागली. "लो... णा... र." मग "अ... भ... या..." पुढे जोडाक्षर आले आणि ती अडखळली. पोरीला ते वाचता येत होते. पण ती बोलली नाही. थांबून राहिली. आईनेही चढावर तिच्यासाठी असेच थांबून घेतले होते. थोड्या वेळाने आईने ते अक्षर जुळवले. "अभयारण्य." मग पुढच्या ओळी तिने सगळ्यांना वाचून दाखवल्या. आजी म्हणाली, "पुन्हा वाच. मले नीट ऐकू नाही आलं." तिला ऐकू चांगले येते. पण पुन्हा ऐकायचे होते.

ध्यानात ठेवा

१. थंडीच्या दिवसांत जा. सकाळी लवकर निघा, उन्हाच्या आत परत या.
२. पाणी माणशी दोन लिटर. अर्धे संपले की मागे फिरा.
३. लोणारला चढ शेवटी आहे. उतरताना लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा.
४. चाल सर्वांत लहान लेकराची.
५. लेकरू गप्प झाले की थांबा. रागावू नका.
६. जमले नाही तर काठावरूनच पाहा. तेही थोडे नाही.

सांगा पाहू

१. लोणारला उलटा डोंगर का म्हटले आहे?
२. तळ्याचे पाणी खारट का झाले?
३. तुमच्या गावाजवळ लेकरांना घेऊन चालत जाण्यासारखी जागा कोणती? तिथे पाणी कुठे आहे, सावली कुठे आहे आणि चढ आधी लागतो की शेवटी?